एकशे अठरा किलोंचं टेबल

कापडावर खुणा करायचा निळा चपटा खडू घेऊन तिनं टेबलावरच गणित मांडलं. कॉलेजात फळ्यावर लिहायची सवय होती, तसंच सगळ्यात वर 'दिलेले आहे' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

"काय दिलंय?" बाबांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"अजून काहीच नाही. तुम्ही द्यायचंय. वजन सांगा."

"टेबलाचं? मला काय ठाऊक!"

"टेबलाचं मी काढलंय, बाबा. तुमचं सांगा."

टेबलाचं वजन तिनं खरोखरच काढलं होतं. लांबी, रुंदी, जाडी फूटपट्टीनं मोजून, लाकडाची घनता पुस्तकात बघून, पाय आणि आडव्या पट्ट्या वेगळ्या धरून. एकशे अठरा किलो. बाबांनी उभं आयुष्य ह्या टेबलावर कापड बेतलं होतं. पाय खाचेत ठोकून कायमचे बसवलेले, त्यामुळे ते सुटे करायची सोय नव्हती आणि जिन्यातून ते कधीच उतरलं नसतं. पण ही वरची खोली पूर्वी गोदाम होती. पोती वर ओढून घ्यायला भिंतीत चांगली दाराएवढी खिडकी ठेवलेली, तिच्यावर बाहेर आलेली लोखंडी तुळई, आणि तुळईला दोन कप्प्या, एक भिंतीलगत आणि एक पार टोकाला. त्या कप्प्या बघितल्या आणि भौतिकशास्त्राच्या मॅडमच्या अंगात वारं संचारलं. वर्गात दर वर्षी ती दोरीच्या दोन टोकांना दोन वस्तुमानं लटकवायची, ती फळ्यावर. खरी कप्पी आजवर हाताला लागली नव्हती.

"अडुसष्ट," बाबा म्हणाले.

"नक्की?"

"अडुसष्टच. लिही."

तिनं लिहिलं. त्याच्याखाली स्वतःचे बासष्ट. बेरीज एकशे तीस.

"म्हणजे बघा, एका टोकाला टेबल, दुसऱ्या टोकाला आपण दोघं. आपण बारा किलोंनी जड. टेबल आपल्याला उचलू शकत नाही. आपण जमिनीवर पाय रोवून उभं राहायचं आणि दोरी हळूहळू सोडायची. शिवाय कप्प्या गंजलेल्या, म्हणजे घर्षण आपल्या बाजूनं." तिनं 'घर्षण: भरपूर' असं लिहून त्याला चौकट केली.

"आणि माझं जेवण कुणाच्या बाजूनं धरलंस?" बाबा म्हणाले. "सकाळी दाबून खाल्लंय. किलोभर त्याचंही धर."

हे बोलणं उगाच नव्हतं. आई गेल्यापासून दोघांत एकच भांडण चालू होतं. ती म्हणायची, एकटे राहू नका, माझ्याकडे चला. बाबा म्हणायचे, मला काय धाड भरलीये? रोज संध्याकाळी फोनवर तेच. "जेवलात का?" "पोटभर. तू?" "हो, आत्ताच." रविवारी ती येऊन निरखून बघायची. म्हातारा माणूस खंगायला लागला की आधी कपडे सांगतात. गळ्याशी सदरा ढगळ होतो, पँट कमरेवर गोळा होते. बाबांचे कपडे मात्र अंगावर जन्मल्यासारखे बसलेले असायचे. मग तिला बोलायला तोंडच उरायचं नाही. शेवटी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा बाबा एवढ्यावर कबूल झाले, की खालच्या मजल्यावर घड्याळजींच्या दुकानामागची खोली रिकामी झालीये, तिथं उतरतो. लेकीकडे नाही. तिनं हार मानून खोली झाडून दिली. बाकीचं सामान सकाळीच खाली गेलं होतं. राहिलं होतं ते हे टेबल.

घड्याळजी म्हणजे बाबांचे जुने दोस्त. चष्म्यावर एका डोळ्याला भिंग लावून जगाकडे बघायची त्यांना सवय होती आणि जगात त्यांना सतत काहीतरी मागं पडलेलं दिसायचं.

"टेलर," ते आत येत म्हणाले, "हातगाडीवाला आलाय. दोरी धर म्हटलं तर म्हणतो, मी गाडी ओढतो, सर्कस नाही करत. टेबल जमिनीला लागलं की हाक मारा."

"त्याची गरजच नाही," ती म्हणाली. "काका, तुम्ही फक्त वर थांबायचं. टेबलाखाली पाइप घातलेत. मी 'सोडा' म्हटलं की ढकलायचं."

"आणि मॅडम, चुकून काही झालं तर?"

"काही होणार नाही. समीकरण आहे."

"हां. समीकरण आहे म्हटल्यावर काय," घड्याळजी म्हणाले आणि खिशातली बारीक नळीची तेलाची बाटली चाचपली. तिकडे तेव्हाच लक्ष जायला हवं होतं.

दोघांसाठी पट्टा बाबांनी शिवला होता. तंबूच्या जाड कापडाचा, दुहेरी शिवणीचा, कमरेभोवती आणि मांड्यांखालून जाणारा. तो अंगात चढवताना ते म्हणाले, "हा पट्टा हत्तीला घातला तरी उसवणार नाही." दोघं खाली अंगणात आले. तिथं टेबल उतरायच्या जागी जुन्या गाद्या अंथरल्या होत्या. तिनं दोरी दोघांच्या पट्ट्याच्या कडीला वेढा देऊन घेतली, उरलेली पायाशी गुंडाळून ठेवली आणि वर्गात सांगतात तशा आवाजात सांगितलं, "दोन्ही हातांनी धरायची. काहीही झालं तरी दोरी एकदम सोडायची नाही."

"नाही सोडणार."

"काका, सोडा!"

वरून पाइप घरंगळल्याचा आवाज आला. टेबल खिडकीच्या उंबऱ्यावरून पुढं आलं, डुललं, दोरीवर टांगलं गेलं. क्षणभर सगळं अगदी पुस्तकातल्या आकृतीसारखं झालं. दोरी ताठ, दोन टोकांना दोन वस्तुमानं. तिला इतकं बरं वाटलं, की आपल्या टाचा जमिनीवर नाहीत हे कळायला जरा उशीर झाला. मग चवडेही नव्हते.

"बाबा, आपण वर चाललोय."

"मला काय सांगतेस? मीपण तिकडंच चाललोय."

"पण असं होऊ शकत नाही!"

"मग खाली बघू नकोस."

"दोरी सोडू या का थोडी?"

"काहीही झालं तरी सोडायची नाही, कोण म्हणालं आत्ता?"

निम्म्या वाटेवर टेबल त्यांना भेटलं. ते भिंतीलगत शांतपणे उतरत होतं आणि त्याच्या पाठीवर निळ्या अक्षरांत 'दिलेले आहे' असं लिहिलेलं तिनं जाताजाता वाचलं. मग खालून गाद्यांवर धप्प आवाज झाला, दोघांना एक हिसका बसला आणि सगळं थांबलं. टेबल जमिनीवर सुखरूप पोचलं होतं. फक्त ते त्यांच्यापेक्षा जड असल्यामुळे तिथून हलायला तयार नव्हतं, आणि त्यामुळे बापलेक खिडकीच्या उंचीवर हवेत लोंबत राहिले होते.

खिडकीत घड्याळजींचा चेहरा उगवला. त्यांनी आधी खाली टेबलाकडे आणि मग समोर दोघांकडे पाहिलं.

"कप्प्या कशा फिरल्या?" त्यांनी अभिमानानं विचारलं. "हूं का चूं केलं का? सकाळी गंज खरवडून काढला, घड्याळाचं तेल घातलं. फुंकर मारा, अजूनही फिरतील."

"काका!" तिचा आवाज चिरकला. "ते घर्षण मी हिशेबात धरलं होतं!"

"मग आधी सांगायचं! एवढं गंजलेलं बघून माझ्यानं राहवतंय होय?"

"आम्हाला आत घ्या आता," बाबा म्हणाले.

घड्याळजींनी हात लांब केला. हात पुरेना. तुळईचं टोक भिंतीपासून बरंच लांब होतं. "छत्री आणतो," म्हणून ते आत गेले. छत्री सकाळीच सामानाबरोबर खाली गेली होती, म्हणून ते जिन्यानं खाली निघाले. त्यांच्या चालीनं जिना म्हणजे काही झटपट प्रकरण नव्हतं.

खाली हातगाडीवाला गाडीला टेकून वर बघत होता. "सर्कस म्हणालो होतो ना मी," तो बोलला.

ती अजून गणितातच होती. गणित चुकलं की ती आधी चूक शोधायची. घर्षण नाही, हे ठीक. पण घर्षण नसलं तरी एकशे तीस किलो एकशे अठराला वर ओढून घेतात, उलटं नाही. वर येताना सवयीनं तिनं मनातल्या मनात सेकंद मोजले होते. चार भरायला थोडा कमी. खिडकी दहा फुटांवर. तिनं डोळे मिटले आणि ओठ हलवत हिशेब केला. अंतरावरून त्वरण, त्वरणावरून वस्तुमान. उत्तर आलं आणि तिनं डोळे उघडले.

"एकशे आठ."

"काय एकशे आठ?"

"आपण दोघं मिळून. एकशे तीस नाही आहोत. बावीस किलो कमी आहेत, बाबा." तिनं त्यांच्याकडे बघितलं. एकाच दोरीला टांगलेले असल्यामुळे दुसरीकडे बघायची सोयही नव्हती. "तुम्ही अडुसष्ट सांगितलंत. अडुसष्टातून बावीस गेले की शेहेचाळीस राहतात. शेहेचाळीस! लहान पोराएवढे! आणि रोज फोनवर पोटभर, पोटभर म्हणता!"

तिचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता.

"शेहेचाळीस नाही हां," बाबा घाईनं म्हणाले. "काहीतरीच काय! छप्पन्न आहे."

"छप्पन्न?"

"मागच्या महिन्यात दवाखान्यात काट्यावर उभं केलं होतं." मग आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते समोरच्या भिंतीकडे बघायला लागले.

"पण तुमचे कपडे? एकही ढगळ नाही!"

"आत घेतले."

"सगळे?"

"टेलर आहे मी. ढगळ कपडे घालून रविवारी तुझ्यासमोर बसू?" ते अजून भिंतीकडेच बघत होते. "एकट्यापुरतं रांधायला हात उचलत नाही गं. चहा केला, दोन बिस्किटं खाल्ली की रात्र होते. तुझी आई असताना मी काय दोन माणसांचं जेवायचो असं नाही. पण ती समोर बसून वाढायची."

वाऱ्यानं दोघं थोडे गिरकी घेऊन परत जागेवर आले. मग तिचे ओठ पुन्हा हलायला लागले.

"छप्पन्न धरलं तर तुमचे बाराच कमी होतात," ती म्हणाली. "बावीस हवेत. दहा किलो कुठं गेले? परत चुकतंय काहीतरी. सेकंद नीट मोजले नसतील मी."

"सेकंद बरोबर असतील तुझे."

"मग?"

"बावीसच्या बावीस माझ्या नावावर का टाकतेस? दोरीला दोघं आहोत ना आपण?"

"माझं वजन मला माहितीये. बासष्ट."

"कधी केलं होतंस?"

तिनं आठवून बघितलं. लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली त्याच्या आधी. नवऱ्याची बोटीवरची लांबची नोकरी लागली त्याच्याही आधी.

"ठकू," बाबा म्हणाले. ह्या नावानं तिला हाक मारणारं आता जगात दुसरं कुणी राहिलं नव्हतं. "मागच्या खेपेला तो करडा ड्रेस आणलास, बटण तुटलंय म्हणून. आठवतं?"

"हो. दिलंत लावून."

"बटण लावलं आणि कमरेत दीड इंच आत घेतला. त्याच्याआधी निळा, खालची शिवण उसवलेली. तो दोन इंच. त्याच्याआधी दोन होते, ते खांद्यातपण घेतले. तू घालून बघितलेस आणि म्हणालीस, बाबा, तुमच्या हातचे कपडे कसे वर्षानुवर्षं तस्से बसतात."

तिनं मान वाकवून स्वतःच्या कमरेकडे बघितलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? तू मला आत्ताच जेवले म्हणायचीस, मी तुला पोटभर म्हणायचो. कुणी आधी खोटं पाडायचं?" त्यांनी नाक ओढलं. "काय खातेस रात्री?"

"काही ना काही."

"खरं सांग. आत्ता इथून कुठं पळून जाता येणार आहे?"

"पेपर तपासता तपासता उभ्या उभ्या टोस्ट," ती म्हणाली. "कधीकधी तेही नाही."

तिला वर्गातली पोरं आठवली. एकच समीकरण हातात असताना दोन अज्ञातांतलं एक मनानंच ठरवून टाकणारी. त्यांच्या पेपरवर ती लाल शाईनं लिहायची, 'हे तुम्हाला कुणी दिलं?' टेबलाची जाडी तिनं दोनदा तपासली होती. माणसांचे आकडे तोंडी घेतले होते, आणि त्यातला एक स्वतःच्याच तोंडून. तिला हसू यायला लागलं. ती हसायला लागली तसा पट्टा हलायला लागला, आणि पट्टा हलायला लागला तसे बाबाही हसायला लागले.

"हलू नका, हलू नका!" खिडकीतून घड्याळजी ओरडले. छत्री घेऊन ते धापा टाकत पोचले होते. "इथं मी रक्ताचं पाणी करून जिना चढतोय आणि तुम्ही झोके घेताय?"

छत्रीची मूठ पट्ट्यात अडकवून त्यांनी दोघांना खिडकीकडे ओढलं. आधी बाबा आत आले, मग ती. ती उंबऱ्यावर टेकली, कडीचा वेढा सोडवला, आणि रिकामी दोरी सुळकन वर जाऊन कप्प्यांवरून आवाज न करता खाली पडली.

"बघा!" घड्याळजी म्हणाले. "ह्याला म्हणतात तेल."

तिघं जिना उतरून खाली आले. टेबलाला ओरखडाही नव्हता. हातगाडीवाल्यानं आपल्या भावाला बोलावलं आणि दोघांनी ते आडवं करून खालच्या खोलीच्या दाराशी नेलं. तिथं ते अडलं. उभं करून पाहिलं, अडलं. तिरकं केलं तर पाय चौकटीत अडकले. सगळं करून चार बोटं जास्तच.

"नाही बसत," हातगाडीवाला म्हणाला.

"असं कसं?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही दार मोजलं नव्हतं?"

बाबा आकाशाकडे बघत होते. "राहिलं वाटतं. चुकतं माणसाचं कधीकधी."

"तुझं?" घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग वर केलं. "मॅडम, हा माणूस कुणाला मिठी मारतो ना, तेव्हा छातीचं माप घेऊन मागं सरतो. आणि दार मोजायचं राहिलं?"

"वय झालं रे."

"तरी म्हटलं, सकाळपासून गाठोड्यांच्या गाठी का सोडत नाहीये हा."

तिनं अडलेल्या टेबलाच्या कडेवरून खोलीत डोकावून पाहिलं. बिछान्याची वळकटी तशीच बांधलेली. भांड्यांचं खोकं तसंच. शिलाई मशीनवरचं कापडसुद्धा सुतळीनं आवळलेलं. नुसतं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवलेलं सामान, वाट बघत बसलेल्या पाहुण्यासारखं.

"आता ह्याचं काय करायचं?" बाबांनी टेबलावर हात फिरवत, कुणालाच न विचारल्यासारखं विचारलं. "बाहेर तर ठेवता येणार नाही. टेबलाशिवाय मीही राहू शकत नाही. तुझ्याकडे ते गाडीचं गॅरेज रिकामंच असतं ना?"

"असतं," ती म्हणाली.

"म्हणजे टेबलाची सोय म्हणून म्हणतोय मी. मला काही धाड भरलेली नाही."

"नाही, नाही. टेबलाचीच सोय."

"आणि स्वयंपाक मी करणार. तुझ्या टोस्टवर मी जगणार नाही."

घड्याळजी दुकानाच्या पायरीवर बसले होते. छत्री त्यांनी मांडीवर आडवी धरली होती. "आणि मी?" ते म्हणाले. "माझ्याकडे कोण चहाला येणार?"

"तू आमच्याकडे ये. रोज ये. गॅरेजच्या बिजागऱ्या गंजल्यात म्हणे."

"कोण म्हणालं?" तिनं विचारलं. बाबांनी ऐकलं नाही असं केलं.

टेबल हातगाडीवर चढलं, त्याच्या आसपास गाठोडी रचली गेली. ती पुढं झाली. "हे बघा, इथून सरळ गेलात की पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळायचं, मग..."

"माहितीये मॅडम," हातगाडीवाला दोरी आवळत म्हणाला. "टेलरबाबांनी गाडी ठरवतानाच तिथला पत्ता दिलाय. परवा माझ्याबरोबर येऊन बाहेरून घर दाखवून गेले."

ती वळली. बाबा मान खाली घालून सदऱ्याच्या बाहीचा न निघालेला दोरा तोडत होते.

"बाबा?"

"चल आता," ते म्हणाले आणि टेबलाचा पाय धरून गाडीबरोबर चालायला लागले. "मला भूक लागलीये."